शार्कचे दात आणि आपण



शार्क म्हटले की मोठा जबडा डोळ्यांपुढे येतो. पण आमच्या मालवण भागात लहान शार्कला मोरी म्हणतात आणि मोरीचं मटण आवडीने खातात. काही ठिकाणी तिलाच मुशी म्हणतात.

मी मोरीचा जबडा धुऊन, उन्हात वाळवून भिंगातून पाहिला. पुढे दातांची एक ओळ उभी होती. मागे आणखी ओळी आत वळून पडल्या होत्या. शार्कच्या अंगात हाडे नसतात. आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी लवचीक कूर्चा असते. त्याचे दात हिरडीत बसतात. पुढचा पडला की मागचा सरकून पुढे येतो. काही जातींत याला आठ-दहा दिवस पुरतात. आपल्याला दात दोनदाच येतात, दुधाचे २० व कायमचे ३२. शार्कला जन्मभरात हजारो येतात!

जसे खाणे तसे दात. टायगर शार्कचे दात करवतीसारखे असतात. ते कासवाची पाठही कापतात. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण त्याचे दात तांदळाच्या दाण्याहून बारीक! तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो.

आता सांगा, कोण कोणाला जास्त मारतो? शार्कच्या चाव्याने जगात वर्षाला साधारण ५-६ माणसे दगावतात. माणसे मात्र वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतात, असा शास्त्रज्ञांचा २०१३ सालचा अंदाज आहे. बांगडा हजारो अंडी घालतो. मोरीला एका वेळी थोडीच पिल्ले होतात. मोठ्या जातींना तर वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात. म्हणून दात भरून येतो तसा शार्क भरून येत नाही.

व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. तो जाळ्यात सापडला तर सोडावा लागतो. पण आमचे बाबा म्हणतात, "जाळाच फाटला तर आमी खावचा काय?" त्यांचेही खरे आहे. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१८ साली योजना काढली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापले तर कोळी बांधवांना भरपाई मिळावी, असे त्यात ठरले.

पालकांनो, व्हेल शार्क जाळ्यात आला तर जाळे कापून त्याला सोडा. त्याआधी फोटो काढायला विसरू नका. भरपाईच्या अर्जाला पुरावा लागतो.

— इयत्ता ७ वी