गाठी बघून फसलो

दोन वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या रानात वाघ्या घेवडा पेरला. बियाण्याला रायझोबियम चोळलं, शिवाय मायकोरायझाची भुकटी शेणखतात मिसळून टाकली. महिनाभरानं एक झाड उपटलं, तर मुळं गाठींनी लगडलेली! शेजारच्या आप्पांना बांधावर बोलावलं. "औषध लागू पडलं बघा." आप्पा नुसतेच बघत राहिले.

शेंगा भरायच्या वेळी, रानात ओल असूनही, झाडं दुपारी माना टाकायला लागली. त्या गाठी सूत्रकृमीच्या होत्या. घेवड्याला रायझोबियमच्या गाठी तशाही बेताच्याच येतात. शंका तिथंच यायला हवी होती.

फरक नखानं कळतो. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते. नखानं ढकलली की सुटते, फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ओढली तर मूळ तुटतं. आणि मायकोरायझा? ती बुरशी गाठी करतच नाही. मुळाच्या आत राहते, साध्या डोळ्यांना दिसत नाही. मी रोग बघून औषधाचं कौतुक करत होतो.

भुकटीला दोष देणार नाही. ही बुरशी आधी मुळात बसली तर पिकाला स्फुरद पुरवते, जागा अडवते, कृमीचा जोर कमी करते. पण पसरायला तिला दोन-तीन आठवडे लागतात. कृमीची पिल्लं कोवळ्या मुळाच्या टोकातून त्याआधीच आत शिरतात, आणि उबदार मातीत महिनाभरात मादी शेकडो अंडी घालते. माझ्या रानात आधी उन्हाळी टोमॅटो होता, म्हणजे कृमी तयारच बसलेले. त्यात मी सुपर फॉस्फेट सढळ हातानं टाकलेलं. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही.

तेव्हा टोमॅटो, वांगी, भेंडी काढतानाच मुळं बघा. गाठाळ असतील तर रानात गाडू नका. उन्हाळ्यात खोल नांगरून रान तापू द्या, जमलं तर झेंडू घ्या, बुरशीचं नंतर. कोबीच्या मुळांत ही बुरशी राहत नाही, कांद्याच्या राहते. फेरपालटात हेही धरा.

माती तपासायला नेताना मुळांसकट, ओलसर, पिशवीत बांधून सावलीतून न्या. मी खताच्या तपासणीला नेतात तशी उन्हात वाळवून, चाळून नेली होती. तिथल्या बाईंनी पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "दादा, आम्हाला कृमी जिवंत लागतात."