हातावरची शीर जपून ठेवा

कुसगावातील माझे एक रुग्ण. वय बावन्न, पंधरा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. पायांवर सूज आली, क्रिएटिनिन वाढत गेले. पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी सांगितले, "डायालिसिसची वेळ येणार आहे, हातात फिश्चुला आताच करून घ्या." घरी आल्यावर मंडळींनी ठरविले, "लागेल तेव्हा बघू." एका रात्री धाप लागली आणि मानेच्या शिरेत घाईने नळी घालावी लागली. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला. नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. गृहस्थ वाचले, पण थोडक्यात.

फिश्चुला म्हणजे काय? डायालिसिसच्या यंत्रातून मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर रक्त फिरवावे लागते. हातावरची साधी शीर एवढे रक्त देत नाही. म्हणून लहान शस्त्रक्रिया करून शीर धमनीला जोडतात. धमनीच्या दाबाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते व तिला वारंवार सुई टोचता येते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही तीच सर्वांत चांगली मानली जाते. मात्र शीर तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी अधिकही लागतात. शिरा बारीक असतील तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट बसवितात. मानेतील नळी लगेच वापरता येते, पण तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका सर्वांत जास्त.

आता माझी चूक सांगतो. या रुग्णाच्या डाव्या मनगटाच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. अशक्तपणा वाटला की ते "डॉक्टर, एक सलाईन लावा" म्हणत, आणि मी त्याच हाताला लावीत असे. शेवटी फिश्चुला कोपराच्या वर करावा लागला.

मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण वाढत आहेत, तसे डायालिसिसचेही. 2016 पासून केंद्राच्या योजनेत जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायालिसिस मिळते. पण यंत्र असून रक्ताला वाट नसेल तर उपयोग काय?

म्हणून एवढे लक्षात ठेवा. मधुमेह वा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असल्यास सुई पंजाच्या मागच्या बाजूला टोचावी, असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. फिश्चुला झालेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, इंजेक्शन घेऊ नका. घट्ट बांगडी वा घड्याळ नको, त्या हाताने जड ओझे नको. रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून पाहा. मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि नुसत्या थकव्यासाठी सलाईन मागू नका. मीही आता लावीत नाही.