वही कुठे आहे?

धुळे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या बाबाचा फोन आला. वर्गात तुझ्या रंगावरून कुणी बोललं, घरी येऊन तू कवितांची वही रद्दीच्या डब्यात टाकलीस आणि आता 'मनू' म्हणून हाक मारली तर ओ देत नाहीस. खरं का हे? ओ न देण्याचं राहू दे. वही कुठे आहे, ते आधी सांग.

'ब्राऊन गर्ल ड्रीमिंग' हे पुस्तक तुला दहाव्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलं होतं. मग विसरलीस कशी? ओहायोत 1963 साली जन्मलेली त्याची लेखिका जॅकलिन वुडसन ग्रीनव्हिलला आजी-आजोबांच्या घरी वाढली. बसमध्ये कुठेही बसायची मुभा कायद्याने दिलेली, तरी आजी पोरांना घेऊन मागेच जाऊन बसायची. बहीण भराभर वाचायची, हिला ते जमत नसे. पण लिहिता येत नव्हतं तेव्हापासून वही हिच्या हातात होती! 2014 साली त्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, आणि त्याच रात्री, त्याच मंचावरून सूत्रसंचालकाने तिच्या वर्णावरून कलिंगडाचा विनोद केला. भर सभेत. तिने त्यावर लेख लिहिला आणि पुढेही लिहीत राहिली. तू वहीच टाकलीस.

रागावते, कारण मीही हेच केलं. पुण्याच्या वसतिगृहात मुली माझ्या अहिराणीला हसायच्या. तुझी आजी कळण्याची भाकरी फडक्यात बांधून भेटायला आली. फाटकातूनच म्हणाली, "काय करी ऱ्हायनी, माय?" मी मुलींना सांगितलं, गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत. तिने ते ऐकलं. भाकरी माझ्या हातात ठेवली आणि जाताना अगदी शुद्ध बोलली, "येते हं, ताई." लेकीला ताई म्हणाली गं ती.

त्याच महिन्यात माझी वही बंबात गेली. तिच्या जात्यावरच्या ओव्या होत्या त्यात. आता ती नाही, आणि मला चार ओव्याही धड आठवत नाहीत.

फार बोलले का? जेवतेस ना नीट? कोण काय म्हणालं ते बाबाला सांग, बाईंना सांग, मनात ठेवू नकोस. वही गेली असेल तर दुसरी पाठवते, आजीच्या निळ्या लुगड्याचं कव्हर शिवून. तिकडे तुझी शाळा सुटते तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. मी जागीच असते. फोन कर. मराठीत नाही बोललीस तरी चालेल.

तुझी,
आत्या