छपराखाली ड्रोन : काही प्राथमिक धडे

इंग्रजीत 'ड्रोन' म्हणजे नर मधमाशी. १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीसाठी वैमानिकाविना उडणारे विमान बनविले, त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. त्यावरूनच पुढे 'ड्रोन' हे नाव रूढ झाले असे मानतात. आमच्या आजीला मात्र तो 'द्रोण' वाटतो, आणि त्याचा पत्रावळीशी संबंध नाही हे तिला अद्याप पटलेले नाही.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या यंत्राच्या नादी का लागावे, असा प्रश्न मला वर्गमित्र विचारतात. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. उसावरील फवारणीही आता ड्रोनने होते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालकाचे प्रमाणपत्र मिळविण्यास दहावी उत्तीर्ण आणि वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते; शाखेची अट नाही. शिकण्यासाठी मात्र २५० ग्रॅमपर्यंतचे 'नॅनो' वर्गातील छोटे यंत्र घ्यावे. त्याला हे प्रमाणपत्र लागत नाही.

भिगवणकराने पहिले धडे मोकळ्यावर घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उजनीच्या फुगवट्यावर, डिकसळ-कुंभारगावच्या बाजूस हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. उथळ पाण्यातील चिखल चोचीने गाळून पोट भरणारा हा पक्षी डोक्यावरच्या घरघरीने थव्यासकट उठतो आणि त्याची चरण्याची वेळ व शक्ती दोन्ही वाया जातात. शिवाय नवशिक्याच्या हातून वाऱ्यावर गेलेले यंत्र पाण्यात पडले तर ते शोधायचे कोणी?

म्हणून मी छपराखाली शिकलो. चुलत्यांचे पोल्ट्रीचे शेड दोन बॅचच्या मध्ये रिकामे असते. लांब, मोकळे, आणि मुख्य म्हणजे आमच्या शेडला छताचे पंखे नाहीत. घरातील खोली वापरणार असाल तर पंखा बंद करून त्याच्यापासून दूर राहा. शेडच्या जाळीवरचे पडदे सोडले की वाराही थांबतो. तूस मात्र झाडून काढावे लागते. नाही तर पात्यांच्या झोताने ते उडून डोळ्यांत आणि मोटारीत जाते.

आता यंत्राविषयी. चार पंख्यांपैकी समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतील दोन एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. मागचे दोन जोरात फिरले की ते पुढे जाते. घरात उपग्रहाचा संकेत भरवशाचा नसतो. काही यंत्रांच्या पोटाखाली छोटा कॅमेरा असतो. तो जमिनीवरील खुणा पाहून यंत्र जागेवर धरतो. कोरी चकचकीत फरशी किंवा अंधार असला की तो फसतो. सिमेंटच्या कोब्यावर मी खडूने चौकटी आखल्या, त्यांचा सरावाला आणि कॅमेऱ्याला असा दुहेरी उपयोग झाला.

जमिनीलगत यंत्र स्वतःच्याच झोतावर डुलते. तेव्हा घुटमळू नये, सरळ छातीइतक्या उंचीवर न्यावे. फार वर नेले तर छताजवळ पंख्यांवरील हवेचा दाब कमी होऊन ते छताकडेच ओढले जाते. उतरवताना घाई केली तर ते स्वतःच्या झोतात सापडून हेलकावते. मधला पट्टा नवशिक्याचा.

पहिले काही दिवस यंत्राची शेपटी आपल्याकडे ठेवून एका चौकटीवर नुसते तरंगत ठेवावे. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. नंतर चौकोन फिरावा. तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते, आणि खरी परीक्षा तेथेच. पात्यांना संरक्षक कडी लावावी, बघ्यांना आपल्या मागे उभे करावे. लहान पातेही डोळ्याला इजा करू शकते. यंत्र कशाला अडकले तर प्रथम मोटारी बंद, मग हात. धरून सोडविण्याचा मोह अनेकांना होतो, पण फिरत्या पात्यांत हात घालणे हा शुद्ध अविचार होय.

बॅटरीला मी सर्वांत जास्त भितो. लिथियमच्या एका घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. चार्जिंग गादीवर नव्हे, फरशीवर, कोणी जागे असताना करावे. वाळूची बादली जवळ असावी.

नवी पिले आली की शेडमधला सराव बंद. कोंबड्या बिथरल्या तर एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. ते सुमारे चाळीस दिवस बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवाव्यात. पूर्ण भरलेल्या किंवा अगदी रिकाम्या ठेवल्या तर त्या लवकर निकामी होतात.