फरीदाबाद : पर्यटनस्थळे आणि पाण्याचा धडा

भारतासारख्या खंडप्राय व प्राचीन देशात पर्यटकाने काय पाहावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. परदेशी पर्यटक प्रथम दिल्ली, आग्रा आणि जयपूर या ‘सुवर्ण त्रिकोणा’कडे वळतात. हुमायूनची कबर, कुतुबमिनार परिसर व लाल किल्ला ही दिल्लीतील तिन्ही स्थळे, तसेच ताजमहाल, आग्र्याचा किल्ला व फतेहपूर सिक्री ही आग्रा जिल्ह्यातील स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. या दोन शहरांना जोडणाऱ्या जुन्या राजमार्गावरील फरीदाबाद मात्र केवळ औद्योगिक शहर म्हणून ओळखले जाते. वास्तविक, पर्यटनस्थळ कसे घडते, कशाच्या आधारे टिकते आणि कोणत्या कारणाने लयास जाते, याचा अभ्यास करण्यासाठी फरीदाबाद हे अत्यंत उद्बोधक उदाहरण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने राजमार्गाच्या संरक्षणासाठी 1607 मध्ये हे नगर वसविले, असे मानले जाते. जवळच्या बल्लभगडचा राजा नाहरसिंह याने 1857 च्या उठावात भाग घेतला. 9 जानेवारी 1858 रोजी त्याला दिल्लीच्या चांदणी चौकात फाशी देण्यात आले. त्याचा राजवाडा आजही बल्लभगडमध्ये उभा आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी येथे नवी वसाहत उभारण्यात आली व तिच्याभोवती उद्योग वाढले. 1979 मध्ये फरीदाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला.

सूरजकुंड : जलव्यवस्थापनाचा वारसा

अरवली पर्वताच्या कुशीतील सूरजकुंड हे जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध स्थळ होय. तोमर घराण्यातील सूरजपालाने दहाव्या शतकात ते बांधले, अशी परंपरा आहे. अर्धवर्तुळाकार पायऱ्यांचे हे कुंड टेकड्यांवरून वाहत येणारे पावसाचे पाणी साठविण्यासाठी होते. पश्चिमेस सूर्यमंदिर होते, असे मानले जाते. पुढे फिरोजशहा तुघलकाने कुंडाची दुरुस्ती केली. तेथून सुमारे दोन किलोमीटरवर अनंगपूर येथे तोमरकालीन दगडी बंधारा आहे. कुंड व बंधारा या दोन्ही रचनांतून कोरड्या प्रदेशातील तत्कालीन जलव्यवस्थापनाचे ज्ञान प्रकट होते.

याच परिसरात 1987 पासून सूरजकुंड हस्तकला मेळा भरतो. तो साधारणपणे फेब्रुवारीत होतो आणि 2013 पासून त्यास आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. निरनिराळ्या राज्यांना संकल्पना-राज्याचा मान दिला जातो. 2019 मध्ये तो महाराष्ट्राला मिळाला होता. विणकर, कुंभार, धातुकाम करणारे कारागीर येथे थेट ग्राहकाला माल विकू शकतात. पर्यटनातून ग्रामीण रोजगार कसा निर्माण होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

बडखल : आटलेला तलाव

बडखलची कथा मात्र वेगळी आहे. 1947 मध्ये सिंचनासाठी बांध घालून तयार झालेला हा तलाव पुढे दिल्लीकरांचे आवडते सहलीचे ठिकाण बनला. हरियाणा पर्यटन विभागाने तेथे विश्रामगृहे उभारली. परंतु सभोवतालच्या अरवलीत दगड व वाळूसाठी खाणी खोदल्या गेल्या. पावसाचे पाणी वाहून आणणारे मार्ग तुटले, भूजलाचा उपसा वाढला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तलाव कोरडा पडला. इमारती व रस्ते तसेच राहिले. पाणी तेवढे गेले. तलावासाठी येणारा पर्यटकही पाण्याबरोबरच दुरावला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लहान व्यावसायिकांचा आधार तुटला.

न्यायालयीन हस्तक्षेप

एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 1996 रोजी बडखल व सूरजकुंडपासून दोन किलोमीटरच्या आत खाणकामास मनाई केली. त्याच वर्षी पुढील आदेशात न्यायालयाने ‘सावधगिरीच्या तत्त्वा’चा आधार घेतला. पर्यावरणाची हानी पूर्णपणे सिद्ध होईपर्यंत न थांबता, ती टाळण्याचे उपाय आधीच योजावेत, हा या तत्त्वाचा आशय होय. संविधानातील अनुच्छेद 48-क (पर्यावरण संरक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व) व 51-क (छ) (नागरिकांचे मूलभूत कर्तव्य) यांच्या संदर्भात विद्यार्थ्यांनी हे प्रकरण अभ्यासावे. 2002 मध्ये निर्बंध अधिक कडक झाले आणि 8 मे 2009 रोजी फरीदाबाद, गुडगाव व मेवात जिल्ह्यांच्या अरवली भागातील सर्व खाणकाम स्थगित करण्यात आले. तथापि, बडखलचे पाणी तोपर्यंत आटलेच होते. पुढे स्मार्ट सिटी अभियानांतर्गत प्रक्रिया केलेले सांडपाणी तलावात सोडून त्याचे पुनरुज्जीवन करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला.

निष्कर्ष

पर्यटन विकास म्हणजे निवासव्यवस्था, वाहतूक व प्रसिद्धी, अशी समजूत सर्वत्र आढळते. दिल्ली मेट्रो 2015 मध्ये फरीदाबादला आणि 2018 मध्ये बल्लभगडला पोहोचली. त्यामुळे येथे येणे निश्चितच सोपे झाले. परंतु स्थळाचे आयुष्य ठरते ते त्याच्या पाणलोट क्षेत्रावर, डोंगरावर व वनावर. हे आधार शाबूत असतील, तरच शाश्वत पर्यटन शक्य होते. एकाच जिल्ह्यातील, एकाच पर्वताच्या आश्रयाने निर्माण झालेले सूरजकुंड व बडखल हे दोन जलाशय हाच धडा देतात. देशातील प्रेक्षणीय स्थळांची यादी पाठ करताना, ती स्थळे कशाच्या आधारावर उभी आहेत, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.