कॉफीची भट्टी आणि भातकऱ्याचा धडा

आमच्या ठाणें जिल्ह्याचें मुख्य पीक भात. तेव्हां शेतकीच्या मासिकांत कॉफीचा विषय कशासाठीं, असें वाचक विचारतील. पीक परमुलखाचें खरें. परंतु तें भाजून विकण्याची जी रीत आमच्या शहरांत चालते, तिच्यांत भातकऱ्यानें घेण्याजोगा धडा आहे.

कॉफीच्या बियांस आपलीं वडीलधारीं माणसें बुंद म्हणत. बाबा बुदन यांनीं इ. स. 1670 च्या सुमारास येमेनांतून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरांत आणिल्या अशी परंपरागत कथा आहे. आज देशांतील सुमारें 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकांत होते. आपल्या राज्यांत चिखलदऱ्यास थोडी लागवड आहे. बहुतेक बागा 10 हेक्टरांच्या आंतल्या, म्हणजे लहान शेतकऱ्यांच्याच आहेत.

जुन्या मराठी घरांत कॉफी उपासाच्या दिवशीं जायफळ घालून होत असे. नित्याची गाळणीची कॉफी आणली ती दक्षिणेकडील कुटुंबांनीं. नोकरीनिमित्त मुंबईस आलेलीं हीं कुटुंबें माटुंग्यास वसलीं. पुढें रेल्वेच्या वाटेनें ठाणें, डोंबिवली, कल्याणपर्यंतही आलीं. त्यांच्या पाठोपाठ ताजी पूड दळून देणारीं दुकानें आलीं.

आतां भट्टीचें काम पाहूं. कच्च्या दाण्यांत ओलावा सुमारें 11 टक्के असतो व कोरड्या जागीं तो वर्षभर टिकतो. फिरत्या पिंपांत तापवितां दाणा प्रथम पिवळा व मग दालचिनीच्या रंगाचा होतो. उष्णता 200 अंश सेल्सियसच्या जवळ आली कीं दाणे लाह्यांसारखे तडतडूं लागतात. येथून पुढें सर्व कसब थोड्या मिनिटांचें. लवकर काढिला तर चव आंबट, उशीर झाला तर करपट. काढल्याबरोबर दाणा थंड करावा लागतो. वजनांत शेंकडा 15 ते 20 तूट येते; हिशेब धरतांना ती विसरून चालत नाहीं.

भाजल्यानंतर दाण्यांतून वायु निघत राहतो व त्यासवें सुवास उडूं लागतो. म्हणून कच्चा माल वर्षभर, भाजलेला दाणा महिनाभर आणि उघडी पूड जेमतेम आठवडाभर चांगली राहते. सारें मर्म यांतच आहे. जो माल तयार होतांच उतरूं लागतो, तो गिऱ्हाइकाच्या जवळच तयार झाला पाहिजे.

पुडींत चिकोरी नांवाच्या झाडाची भाजलेली मुळी मिसळतात; ती गुजरात व उत्तर प्रदेशांत पिकते. अशा मिश्रणांत कॉफी 51 टक्क्यांहून कमी नसावी व प्रमाण वेष्टनावर छापावें, असा कायदा आहे. समोर दळून घेणाऱ्यास तें प्रमाण डोळ्यांनींच दिसतें.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीस मुलाकडे राहावयास आलों. शेजारीं पालघाटकडील एक वृद्ध मामी राहतात. एकदां स्वस्त मिळाली म्हणून मीं किलोभर पूड आणिली व महिन्यानें त्यांस तिची कॉफी दिली. त्यांनीं एक घोट घेऊन पेला मुकाट्यानें खालीं ठेविला. दुसऱ्या दिवशीं मला आपल्या नेहमींच्या दुकानीं घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, "काका, दाणे मी सांभाळतों. तुम्ही आठवड्याला पावशेर घेऊन जा." तेव्हांपासून दर शनिवारीं जातों. दळण होईपर्यंत पांचदहा मिनिटें उभें राहावें लागतें. तेवढ्यांत तामीळ, मल्याळी, मराठी अशा चारचौघांची ओळख होते. कोणाच्या घरीं दुखणें आहे, कोणाच्या मुलीस नोकरी लागली, हें तेथेंच कळतें. तयार डब्यापाशीं हा शेजार मिळत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. भात कणगींत वर्षभर राहतें. पण हातसडीचा तांदूळ कोंड्यांतील तेलामुळें कांहीं महिन्यांतच खवट होतो. म्हणजे त्याचा स्वभाव कॉफीचाच. असा तांदूळ दूरच्या गिरणीस साठवून विकणें अवघड. मुरबाडच्या शेतकऱ्यास मात्र कल्याण अवघें सुमारें 30 किलोमीटर आहे. तरी तो सुगींतच सारें भात व्यापाऱ्यास घालून मोकळा होतो.

सोसायटीच्या सभासदांनीं भात एकत्र सांभाळावें, दर आठवड्यास मागणीपुरतेंच सडावें, पिशवीवर सडल्याची तारीख घालावी आणि ठरलेल्या वारीं शहरांत ठरलेल्या जागीं न्यावें. तूस शेंकडा 20 च्या आसपास जातें; तें, मजुरी व वाहतूक धरूनच दर बांधावा. एकही खवट पिशवी जाऊं देऊं नये, कारण गिऱ्हाईक पेला खालीं ठेवितें तें बोलून दाखवीत नाहीं.

महसूल खात्यांत असतां माझ्या हाताखालून फेरफाराचे पुष्कळ कागद गेले. भात परवडत नाहीं म्हणून विकलेल्या शेतांच्या नोंदी त्यांत होत्या. सातबारावरील तीं जुनीं नांवें पुन्हां परत आलेलीं मीं पाहिलीं नाहींत. सडीच्या तांदळानें सर्वच शेतें राहतील असें माझें म्हणणें नाहीं. परंतु विकण्यापूर्वीं एक हंगाम तरी हा हिशेब मांडून पाहावा, इतकीच विनंती आहे.