गाडीचा सायलेन्सर बदलावा केव्हा?



या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी हे विषय नेहमी येतात. या खेपेस मोटारीचा विषय घेतला आहे. ऊस विकास खात्याचा आणि मोटारीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की आज पुष्कळ सभासदांच्या दारात जीप नाही तर मोटार उभी असते. तीच फडात जाते, तीच लेकराबाळांना घेऊन देवाला जाते. तिचा सायलेन्सर फुटला, तर "आवाजच वाढलाय, पळतीय तर खरी" म्हणून हंगामभर तशीच वापरली जाते. आवाजाचे एक वेळ चालेल. भीती आहे ती फुटक्या जागेतून बाहेर पडणाऱ्या वायूची.

आपण सायलेन्सर म्हणतो तो मागचा डबा. पण इंजिनापासून मागच्या बंपरापर्यंतची सगळी नळी एकच आहे असे धरा. इंजिनाला बसवलेले मॅनिफोल्ड, जोडात गॅस्केट, पुढे पाइप, मध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग डबा आणि शेवटी शेपटीचा पाइप. मोठ्या शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आता तो सगळ्याच नव्या मोटारींना असतो. हे सारे ओझे खाली रबरी कड्यांवर लोंबकळत असते. एक कडी तुटली की भार दुसऱ्या जोडावर पडतो आणि तिथला पाइप चिरतो. काही रुपयांच्या कडीपायी हजारांचा पाइप जातो तो असा.

सायलेन्सर गंजतो तो बाहेरच्या चिखलापेक्षा आतल्या पाण्याने जास्त. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ऐकून नवल वाटेल, पण हिशेब असाच आहे. गाडी लांब पल्ल्याला गेली तर डबा तापतो आणि वाफ निघून जाते. वस्तीवरून गावात दोन किलोमीटर जायचे आणि परत यायचे, एवढेच असेल तर डबा तापतच नाही. पाणी आत साचते, त्यात धुरातले आम्ल मिसळते आणि पत्रा आतून खात सुटते. म्हणून कमी पळालेल्या गाडीचा डबा आधी सडलेला दिसला तर गॅरेजवाल्यावर संशय घेऊ नका. सकाळी शेपटीतून पाणी ठिबकले, पांढरी वाफ आली, तर तो रोग नव्हे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जादा किंवा हवा कमी. या दोन्हींत सायलेन्सर बदलून उपयोग नाही; दोष इंजिनाकडे आहे.

आता खरी लक्षणे. गाडी थंड असताना चालू केली की पुढून टिक्-टिक् आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो. अशा वेळी मॅनिफोल्डचे गॅस्केट गेले किंवा बिडाला चीर पडली असे समजावे. तापल्यावर धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज जातो. दोष तसाच राहतो. डब्यातून खुळखुळ आवाज आला तर आतले पडदे सुटले आहेत. चढाला गाडी ओढत नाही, कोंडल्यासारखी वाटते, तर कन्व्हर्टर किंवा डबा आतून तुंबला असण्याचा संभव आहे; मात्र आधी एअर फिल्टर बघावा. जोडाभोवती काजळीचा काळा फराटा उमटला असेल, तर वायू तिथूनच निघतो आहे.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. गाडी उघड्या अंगणात उभी करून थंड इंजिन चालू करा. हातात जाड मोजे घालून ओल्या फडक्याचा बोळा शेपटीवर क्षणभर दाबा. नळी धड असेल तर फडके जोराने ढकलले जाते. मध्ये कुठे फुटली असेल तर तिथे फुसफुस ऐकू येते. इंजिन बंद करून, नळी पूर्ण गार झाल्यावर, डब्यावर पान्याने हलके ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. खाली नुसत्या जॅकवर गाडी उचलून शिरू नका. गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या.

वेल्डिंग करावे की नवा भाग घालावा, यावर गॅरेजात नेहमी घासाघीस होते. माझे मत असे. भोक बारीक आहे आणि भोवतालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर दाबला तरी दबत नाही, तर खुशाल टाका मारा. स्क्रूड्रायव्हर आत घुसत असेल तर वेल्डिंगचे पैसे वाया गेले म्हणून समजा. चार दिवसांत टाक्याच्या शेजारी नवे भोक पडते. पडदे सुटलेला डबा बदलावा. चिरलेले बीडही बदललेले बरे, कारण बिडावरचे वेल्डिंग क्वचितच टिकते. नुसता जोड गळत असेल तर गॅस्केट आणि नटबोल्ट पुरतात. अख्खी नळी गळ्यात मारून घेऊ नका.

आता त्या वायूविषयी. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण नसतोच असे नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. फुटक्या नळीतून निघालेला वायू फरशीच्या भोकांतून, दाराच्या फाटक्या रबरातून आत शिरतो. मागचे दार उघडे ठेवून गाडी पळवली तर शेपटीचा धूर आत ओढला जातो. प्रवासात सगळ्यांचेच डोके जड होते, मळमळते, पेंग येते आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बसले की बरे वाटते, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. वजनकाट्याच्या रांगेत थंडीमुळे काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्या ड्रायव्हर मंडळींना हे मुद्दाम सांगा. कोणी बेशुद्ध आढळला तर आधी इंजिन बंद करा, त्याला उघड्यावर आणा आणि तडक दवाखान्यात न्या. डॉक्टरांना गाडीच्या धुराचा संशय आवर्जून सांगा. २०२० च्या साथीत घरोघरी बोटाला लावायची प्राणवायू मोजण्याची यंत्रे आली. त्यांच्यावर येथे विसंबू नका. या विषबाधेतही ते यंत्र आकडा चांगला दाखवते.

फडाबाबत एकच. वाळलेल्या पाचटावर मोटार उभी करू नये. कन्व्हर्टरचे कवच चांगलेच तापलेले असते आणि पाचट त्याला टेकले की पेटायला वेळ लागत नाही. जळीत उसाला किती कपात बसते ते आपणांस ठाऊक आहे.

काही कारागीर कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला देतात, "ॲव्हरेज वाढेल" म्हणतात. तसे करू नये. पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होण्याचा धोका आहेच. शिवाय त्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. खराब झाल्यामुळे बदलावाच लागला, तर जुना भाग परत मागून घ्या, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.